विहीणबाईंचा साचा

"ही पट्टी ओलांडलीस ना, तर तुझ्या मोहरीसकट तुला बाहेर काढीन," फिलोमिना म्हणाली आणि तिनं लाकडी डाव ओट्यावर आपटला.

इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असतं, असं अवधूतनं वडिलांना पुष्कळदा समजावलं होतं. पण विष्णू कोपर्डेकरांना या बाईच्या तोंडून नेहमी 'तू'च ऐकू यायचं.

"काय म्हणतायत विहीणबाई?" त्यांनी विचारलं.

"त्या म्हणतायत, फोडणीचा वास मस्त येतोय," अवधूत म्हणाला.

पट्टी निळी होती, भिंत रंगवताना कडेला लावतात तसली. अवधूतच्या बायकोनं, तेरेसानं, ती सकाळीच ओट्याच्या मधोमध चिकटवली होती. पट्टीच्या डावीकडे तेरेसाची आई, सहा डझन अंडी, मैद्याची गोणी आणि लोण्याच्या विटा. उजवीकडे तेरेसाचे सासरे, एक कढई आणि हिंग. हिंग डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात आणि तो तिसऱ्यात होता. तरी फिलोमिनाच्या मते तो पट्टीखालून सरपटत येऊन तिच्या पिठात बसत होता. विष्णूकाकांचंही अंड्यांबद्दल हेच मत होतं. मार्गशीर्ष चालू होता. काकांची बायको लता असताना ती महिनाभर गुरुवार करायची. ती गेल्यापासून काका महिनाभर अंड्याला शिवत नसत. व्रत कुणाच्या नावावर जमा होतंय हे त्यांनी विचारलं नव्हतं.

डिसेंबर २००६. अमेरिकेत, अल्फारेटातल्या त्या गल्लीत सगळ्या घरांवर दिवे लागले होते आणि कोपर्डेकरांच्या घरात पिझेले भाजले जात होते. पिझेला म्हणजे लोखंडी साच्यात दाबून भाजलेलं, पापडाएवढं पातळ, जाळीदार इटालियन बिस्कीट. नाताळला हे केल्याशिवाय येशू जन्माला येत नाही अशी फिलोमिनाची समजूत होती, आणि तिची तयारी बघता येशूला चाळीस डझन लागत असावेत. साचा जुना होता. दोन लांब दांड्या, टोकाला दोन जाड तबकड्या. मध्ये पिठाचा गोळा ठेवायचा, दाबायचं आणि गॅसवर धरायचं. एका बाजूला मेरीची एक प्रार्थना, मग उलटवून दुसऱ्या बाजूला एक. घड्याळ नाही. फक्त एवढंच होतं, की विष्णूकाका स्वयंपाकघरात आले की प्रार्थना भराभर व्हायची आणि पिझेला कच्चा निघायचा. त्या दिवशी सकाळपासून अकरा कच्चे निघाले होते आणि ते सगळे काकांच्या खात्यावर मांडले गेले होते.

"पिठात बडीशेप घालतात," काका अवधूतला म्हणाले, "आणि मला सांगतात वासाचं."

"ती बडीशेप नाहीये, बाबा. अ‍ॅनिस."

"मावसबहीण असेल. नाक तेच आहे."

खरं भांडण बडीशेपेचं नव्हतं. खरं भांडण खालच्या खोलीचं होतं.

तळमजल्यावर झोपायची एकच खोली होती आणि तीन वर्षं ती काकांची होती. फिलोमिना पंधरा दिवसांसाठी आली, तिच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, म्हणून काका 'तात्पुरते' वर, गॅरेजवरच्या खोलीत गेले. चौदा पायऱ्या. काकांचे गुडघे त्या रोज मोजायचे. याला त्यांची हरकत नव्हती. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी बघितलं, की विहीणबाईंनी येताना पडदे आणलेत. फुलाफुलांचे, खिडकीच्या मापाचे, स्वतः शिवलेले. पंधरा दिवसांसाठी आलेलं माणूस दात घासायचा ब्रश आणतं. पडदे आणत नाही.

"तुझे वडील काय करायचे रे?" फिलोमिनानं अवधूतला विचारलं. काका समोरच उभे होते, पण ती त्यांच्याबद्दल नेहमी ते वारल्यासारखी बोलायची.

"भांड्यांवर नावं घालायचे. मशीननं. मिरजेत, एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून."

"दुसऱ्यांच्या भांड्यांवर?"

"हो."

"आमच्याकडे पोलीस बोलावतात याला."

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"इंटरेस्टिंग काम आहे म्हणाल्या."

तीन वर्षं टीव्ही बघून काकांना इंग्रजी सगळं कळत होतं. पण हे त्यांनी अवधूतला सांगितलं नव्हतं, कारण भाषांतर हीच त्यांची सध्याची मुख्य करमणूक होती.

छत्तीस वर्षं ते त्या दुकानाबाहेर बुटक्या स्टुलावर बसले. हातात घूं-घूं करणारं विजेचं पेन, मांडीवर लोकांची ताटं. 'चि. सौ. कां. अमकीस मामाकडून सप्रेम.' अर्ध्या मिरजेची स्वयंपाकघरं त्यांच्या अक्षरात होती. नाव घातलं की भांडं तुमचं. पंगतीत हरवलं तरी घरी परत येणार. हा कायदा ते अमेरिकेतही घेऊन आले होते. पहिल्याच वर्षी त्यांनी फ्रिजच्या दारावर 'चि. अवधूत यास बाबांकडून' असं घातलं. फ्रिज अवधूतनंच घेतला होता, पण 'कडून' शिवाय मजकूर नागडा दिसतो. इथल्या एकशेदहा व्होल्टवर पेन अर्धवट झोपेत चालायचं, त्यामुळे अक्षर इतकं फिकं उठलं की संध्याकाळचं ऊन तिरपं आल्याशिवाय दिसत नसे. तेरेसाला ते दिसायला दोन वर्षं लागली. त्यानंतर पेन ट्रंकेत गेलं.

काकांनी खिशातून भिंग काढलं आणि पट्टीच्या अलीकडूनच वाकून साच्याकडे बघितलं. एका तबकडीवर वेलबुट्टी, मध्ये दोन अक्षरं आणि साल, १९११. सगळं उलटं कोरलेलं, म्हणजे पिझेल्यावर सुलट उठावं. नऊच्या शेपटाला एक छोटंसं पान होतं. वेलीवर बाकी सगळीकडे पानं जोडीनं होती. हे एकटंच होतं.

"युवर मॅन," काका फिलोमिनाला थेट म्हणाले. "स्लिप. हिअर."

फिलोमिनानं साचा आपल्याकडे ओढला.

"माझ्या आजीच्या गावच्या लोहारानं केलाय हा," फिलोमिना म्हणाली. "पंचाण्णव वर्षांत कुणी असं बोललं नाही."

"पंचाण्णव वर्षांत माझ्या धंद्यातलं कुणी आलं नाही. त्यांना सांग अवधूत. हात घसरला, मग त्याचं पान केलं. आम्ही पण करतो. आम्ही फूल करतो."

"बाबा म्हणतायत," अवधूत म्हणाला, "की पान फार सुरेख आहे."

"स्लिप," काका पुन्हा म्हणाले.

त्या दिवशी आणखी नऊ पिझेले कच्चे निघाले.

दुसऱ्या दिवशी अवधूत काकांना गाडीत घालून अंडी आणायला निघाला. अंड्यांसाठी काकांची गरज नव्हती. काका समजून सीटबेल्ट लावून बसले.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"त्या कायमच्या राहणारेत."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पडद्यांनी."

अवधूतनं सिग्नलला गाडी थांबवली. "त्यांचं पेनसिल्व्हेनियाचं घर विकलं, यार बाबा. कमरेमुळे त्यांना जिना जमत नाही. वरची रूम मोठी आहे, आपण हीटर टाकू. नाहीतर तुम्हाला थोडे दिवस मिरजेला, मनोहरदादाकडे..."

"मला कुणी विचारलं नाही."

"आत्ता विचारतोय ना."

"हे विचारणं नाही. ही बातमी आहे."

अपराधी माणूस खरेदी करतो. अवधूतनं अंडी घेतली, मग न सांगताच गाडी इंडियन स्टोअरकडे वळवली आणि शेजारच्या दुकानातून वडिलांना दोनशेतीस व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊन दिला. तो काका तीन वर्षं मागत होते. दगडासारखा जड, शाळेच्या दप्तराएवढा. काकांनी तो घरी येईपर्यंत मांडीवर धरला. आपण वडिलांना शांत केलं असं अवधूतला वाटलं. त्यानं वडिलांना चालू करून दिलं होतं.

बुधवारी दुपारी आई आणि लेक चर्चला गेल्या. अवधूत ऑफिसात होता. काकांनी ट्रंकेतून पेन काढलं, ट्रान्सफॉर्मरला जोडलं, आणि तीन वर्षांनी त्यानं पूर्ण आवाजात घूं केलं. खालच्या खोलीच्या दाराला गोल, चकचकीत स्टीलची मूठ होती. काका दारापुढे स्टूल घेऊन बसले आणि त्यांनी मुठीवर गोलाकार मजकूर घातला: 'विष्णू गणेश कोपर्डेकर, दि. २०-१२-०६'. 'कडून' घालायला जागा होती. पण कुणाकडून, ते सुचेना.

घालून झाल्यावर ते जरा वेळ बघत बसले. लाख-दीड लाख नावं घातली असतील आयुष्यात. हे त्यातलं पहिलंच त्यांचं होतं.

फिलोमिना चर्चमधून पापमुक्त होऊन आली, मूठ धरली आणि हात मागे घेतला.

"हे काय आहे?"

अवधूतला ऑफिसातून बोलावण्यात आलं. तो टाय सैल करत दारापुढे उकिडवा बसला आणि वाचलं.

"नाव आहे. बाबांचं."

"कशासाठी?"

"ज्याचं नाव त्याची वस्तू," काका म्हणाले. "सांग त्यांना. आणि नीट सांग."

अवधूत इतका थकला होता, की त्यानं पहिल्यांदाच जसंच्या तसं भाषांतर केलं.

फिलोमिना ओरडली असती तर बरं, असं तेरेसाला वाटलं. पण आईनं वाकून मूठ पुन्हा एकदा बघितली, सगळीकडून. मग लंगडत स्वयंपाकघरात गेली आणि साचा घेऊन आली. दुसरी तबकडी वर केली. तिथेही वेलबुट्टी होती, पण मधला लंबगोल कोराच होता.

"इथं माझ्या आईचं नाव यायचं होतं," ती म्हणाली. "ती अमेरिकेच्या बोटीत बसली, लोहार तिकडेच राहिला. आमच्या खाणीच्या गावात असलं काम करणारं कुणी नव्हतं. आता माझी बहीण कार्मेला दर नाताळला ओहायोहून फोन करते, माझा साचा कधी पाठवतेस म्हणून. माझा, म्हणते." तिनं साचा काकांच्या पुढे धरला. "याला सांग, घाल माझं नाव. उलटं, लोहारासारखं. येत असेल तर."

"ममा," तेरेसा म्हणाली.

"घसरला नाही, तर खोली त्याची. मी जाते वर. घसरला, तर मूठ बदलायची आणि तोंड बंद ठेवायचं. जन्मभर."

"विहीणबाईंना सांग," काका म्हणाले, "आपली आज्ञा शिरसावंद्य."

याचं भाषांतर अवधूतला जमलं नाही. त्यानं 'ओके' म्हटलं.

काकांनी आयुष्यात एकही अक्षर उलटं घातलं नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी पट्टीपलीकडून बेकिंगचा पातळ कागद मागितला. फिलोमिनानं एक ताव फाडून पट्टीवर असा ठेवला, की अर्धा तिच्या हद्दीत राहील. काकांनी तेरेसाकडून नाव लिहून घेतलं, मऊ शिसपेन्सिलीनं गिरवलं, कागद पालथा केला आणि लंबगोलावर घासला. नाव उलटं होऊन लोखंडावर उतरलं. फिलोमिनानं खुर्ची ओढून समोर बैठक मारली. हातात जपमाळ होती, पण नजर पेनावर.

लोखंड स्टीलसारखं नसतं, ते अडून बसतं. प्रत्येक अक्षरावरून चार-चार वेळा जावं लागत होतं. पहिली सहा अक्षरं ठीक गेली. सातव्याला बोटांना मुंग्या आल्या. काकांनी थांबून हात झटकला.

"दमला," फिलोमिना म्हणाली.

"तुमच्याकडे बघून मळमळलं," काका मराठीत म्हणाले. अवधूतनं छताकडे बघितलं.

शेवटचं अक्षर ए. त्याचा शेवटचा पाय खाली येताना पेन लोखंडातल्या कुठल्यातरी गाठीवर अडखळलं आणि सुटलं. गव्हाच्या दाण्याएवढी रेघ, बाहेर. काकांनी हात उचललाच नाही. त्याच ओघात मनगट वळवलं, खालून दुसरी रेघ आणली, मध्ये एक शीर काढली. पान. सगळं मिळून दोन सेकंद. मग पेन बंद केलं आणि साचा फुंकून पुढे ढकलला.

फिलोमिनानं चष्मा पुसला. साचा उजेडाकडे नेला, काकांकडून भिंग मागून घेतलं, बघितलं. मेरीच्या दोन प्रार्थना होतील एवढा वेळ बघितलं. मग तबकडी उलटवून लोहाराचं पान बघितलं. मग पुन्हा इकडचं.

"पान आहे," ती म्हणाली.

तिला दिसलं होतं. तिला दिसलं होतं हे काकांना दिसलं. पण घसरलं म्हणायचं, तर जन्मभर तिच्या नावाला खोट. आणि कार्मेलाला ती पहिल्या नाताळालाच सापडली असती. तिनं साचा पदराखाली घ्यावा तसा एप्रनखाली घेतला, खालच्या खोलीत गेली आणि पडदे काढायला लागली.

"ममा, तुला जिना जमणार नाही."

"शब्द दिलाय."

ती पडद्यांचं बोचकं खांद्यावर टाकून निघाली. पहिली पायरी. दुसरी. तिसरीवर तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला. चौथीवर थांबली. कुणालाही मदत करू दिली नाही. बोचक्यातून एक फुलाफुलाचं टोक लोंबत होतं. तिची पाठ सगळ्यांकडे होती आणि ती हलत नव्हती, म्हणजे वरही नाही आणि खालीही नाही.

काका खाली उभे राहून बघत होते. छत्तीस वर्षांत त्यांचा हात पुष्कळदा घसरला होता. गिऱ्हाइकापुढे ते एकदाही तसं बोलले नव्हते. मिरजेत शेकडो स्वयंपाकघरांत त्यांची फुलं होती आणि बायकांना वाटायचं, काकांनी हौसेनं काढलं.

"विहीणबाई," ते म्हणाले. "स्लिप."

"पान आहे," ती वळून न बघता म्हणाली.

"आय स्लिप. लास्ट लेटर. माय हँड, स्लिप."

"पान आहे म्हणते ना मी."

"अवधूत, सांग त्यांना. हात घसरला माझा. वय झालं. दिसत नाही, हात कापतो. साफ घसरला. सगळ्यांसमोर सांगतोय."

"बाबा म्हणतायत..." अवधूतनं सुरुवात केली आणि त्याला पुढे खोटं सुचलं नाही. त्यानं सगळं सांगितलं.

फिलोमिना वळली. इतका राग तिच्या चेहऱ्यावर बडीशेपेच्या दिवशीही नव्हता.

"माझा साचा खराब केलास," ती म्हणाली. "पंचाण्णव वर्षांचा साचा. आणि वर तोंडानं सांगतोस."

"येस," काका म्हणाले.

ती चार पायऱ्या उतरली. एकेक, दोन्ही पाय टेकवत. काकांच्या समोरून जाताना तिनं बोचकं मुद्दाम त्यांच्या खांद्याला घासलं. मग खोलीत जाऊन दार असं लावलं, की मूठ खडखडली.

शुक्रवारी अवधूत नवी मूठ घेऊन आला, पितळी. फिलोमिनानं ती त्याच्या हातातून काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

"ठरलं होतं ना, बदलायची म्हणून?"

"राहू दे. अक्षर भयंकर आहे," ती म्हणाली. "पण त्यात कुठे घसरलेला नाही. मी बघितलंय."

अवधूत हे सांगायला वर गेला तेव्हा काका हीटरसमोर बसून ट्रान्सफॉर्मरची वायर गुंडाळत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंगानं बघितलं?"

"भिंगानं."

"माझं आहे ते. परत आण."

भिंग परत आलं नाही. पट्टी निघाली नाही. रविवारी सकाळी काकांनी फोडणी दिली तेव्हा फिलोमिनानं सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर दोन अंश होतं.

सोमवारी नाताळ. मार्गशीर्ष संपून पौष लागला होता. सकाळी काका खाली यायला निघाले, कठडा धरून, वरून मोजत. एक, दोन, तीन. दहाव्या पायरीवर थांबले, कारण त्यांच्या पुढच्या पायरीवर बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा ठेवलेला होता. खालून मोजलं तर ती चौथी. तिच्यापुढे कुणाला तरी चढता आलेलं नव्हतं.

डब्यावर चिठ्ठी नव्हती, नाव नव्हतं. आत पिझेले. कच्चा एकही नव्हता; सगळे सारख्या रंगाचे, म्हणजे प्रार्थना सावकाश झाली होती. प्रत्येकाच्या मधोमध लंबगोलात बारीक उठावाची सुलट अक्षरं होती, आणि शेवटच्या अक्षराच्या पायाशी एक पान.

काका तिथेच, पायरीवर बसले. एक पिझेला घेतला आणि कडेनं खायला सुरुवात केली. कुरकुरीत. बडीशेपेच्या मावसबहिणीचा वास. सगळी जाळी गोल गोल संपवत ते मध्यापर्यंत आले आणि थांबले. उरलेलं नाव कसं खायचं, ते त्यांना कळेना. त्यांची सगळी नावं टिकायला घातलेली होती.

बराच वेळ तो तुकडा त्यांनी तळहातावर धरला. मग उठून सगळ्या पायऱ्या परत चढून गेले आणि ट्रंकेतून पोळ्यांचा स्टीलचा डबा काढला. मिरजेहून आणलेला, रिकामा. झाकणावर त्यांच्याच अक्षरात होतं: 'सौ. लता'. अक्षराखाली एक फूल होतं, ते त्यांनी अंगठ्यानं पुसलं. तुकडा आत ठेवला, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी दाबलं.

खाली कुणीतरी दाराची मूठ फिरवली.